मागणी योग्य आहे, पण होईल का? राजकीय उद्दिष्टांच्या शक्यतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न संघटनांचे कार्यकर्ते, ग्रामपंचायत सदस्य, राज्यशास्त्राचे विद्यार्थी आणि निवेदनं देऊन दमलेले नागरिक विचारतात. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत. रोजगार हमी योजनेवर जास्त जागा खर्च केली आहे, कारण एक घोषणा टप्प्याटप्प्यानं शक्य कशी होत गेली हे तिच्यात स्पष्ट दिसतं.

एखादं उद्दिष्ट इष्ट असणं आणि शक्य असणं, यात फरक काय?

झालं तर लोकांचं भलं होईल, ते इष्ट. आज आहोत तिथून तिथपर्यंतची वाट पायरीपायरीनं दाखवता येते, ते शक्य. रोजगार हमीमागची ‘मागेल त्याला काम’ ही मागणी १९६५ साली जेवढी रास्त होती तेवढीच १९७९ सालीही होती. मधल्या चौदा वर्षांत मागणी तीच राहिली. तिला पैसा मिळाला, ती राबवणारी कचेरी मिळाली, कायद्याचं कलम मिळालं आणि विरोध करू शकणाऱ्यांना त्यात स्वतःचा फायदा दिसला.

व्यवहारात दोन गफलती फार होतात. कठीण गोष्टीला लोक अशक्य म्हणतात आणि लोकप्रिय गोष्टीला शक्य समजतात.

तपासायला सुरुवात कुठून करायची?

सहीपासून. ही गोष्ट शेवटी कोणाच्या सहीनं होणार आहे? शासन निर्णय, म्हणजे जीआर, विभागाच्या पातळीवर निघतो. तसाच तो दुसऱ्या जीआरनं रद्दही होतो. राज्याचा कायदा बदलायचा तर विधानसभा, विधान परिषद आणि राज्यपालांची संमती लागते. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा असेल, आणि केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही करायचं असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते. घटनादुरुस्तीसाठी संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत हवं, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवेत. काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही मान्यता लागते.

सगळ्यात जास्त शक्ती वाया जाते ती चुकीच्या टेबलावर. केंद्राच्या अखत्यारीतली मागणी घेऊन मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर जातो, निवेदन स्वीकारलं जातं, ‘पुढील कार्यवाहीसाठी’ वर पाठवलं जातं. आवक क्रमांक पडला, एवढीच ती कार्यवाही. मोर्चा काढू नये असं नाही. पण सही करणारा माणूस त्या इमारतीत बसत नाही, हे निघण्याआधी माहीत असावं.

रोजगार हमी योजना शक्य कशी झाली?

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे मूळचे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६५च्या सुमारास त्याच भागात त्यांचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला: अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला गावाजवळ काम द्यायचं, आणि ते काम शेतीला उपयोगी पडेल असं निवडायचं. कल्पना एवढीच. ती राज्यभर जाईल असं तेव्हा छातीठोकपणे कोणी सांगितलं नसतं.

मग १९७२चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती. इतक्या माणसांची हजेरी, मोजमाप आणि पगारवाटप करता करता तहसीलदार, कनिष्ठ अभियंता, मुकादम या सगळ्या साखळीचा हात बसला. पुढे ‘हमी’ आली तेव्हा यंत्रणा नव्यानं उभारावी लागली नाही. दुष्काळानं माणसं मारली नाहीत, याचं श्रेय या कामांना दिलं जातं. राज्याला राबवायची सवय त्याच कामांनी लावली, हा त्यांचा कमी बोलला जाणारा परिणाम.

दुसरा भाग पैशाचा. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला आणि त्याचं उत्पन्न रोजगार हमीसाठी राखलं गेलं. जोडीला मोटार वाहनं, विक्रीकर, बागायती जमिनी यांवर जादा आकारणी झाली, आणि जमा झालेल्या रकमेइतकीच भर राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. वर्षाचे २,५०० होतात, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नं तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे. १९७५ साली ती २५० रुपये होती. रक्कम प्रत्येकाला थोडी, देणारे विखुरलेले आणि शहरातले, कापणारा मालक. अशा कराविरुद्ध रस्त्यावर कोणी उतरत नाही.

तिसरा भाग विरोधकांचा. मजुराला सरकार काम देणार म्हटल्यावर पहिली धास्ती मोठ्या शेतकऱ्याला, आणि विधिमंडळात त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. पण कामं कोणती निघाली? पाझर तलाव, नालाबांध, शेतापर्यंतचे रस्ते. त्यांचा पहिला लाभ जमीनवाल्यालाच. मजुरीचा दरही सुगीतल्या शेतमजुरीला मागे टाकेल असा नव्हता. म्हणून ज्याच्याकडे हे विधेयक अडवायची ताकद होती, त्याला ते अडवावंसं वाटलं नाही. न्यायाच्या दृष्टीनं हा व्यवहार खटकणारा आहे, पण तो झाला नसता तर कायदाही झाला नसता. दुसऱ्या बाजूनं शहाद्याच्या श्रमिक संघटनेसारख्या संघटना आणि डावे पक्ष खालून रेटा देत होतेच.

चौथा भाग कलमांचा. कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. भत्ता रोज १ रुपया! तेव्हाही हा आकडा हास्यास्पद होता. पण रुपया द्यायचा म्हणजे ‘काम देऊ शकलो नाही’ हे अधिकाऱ्यानं कागदावर कबूल करायचं. त्या कागदाची धास्ती रकमेपेक्षा मोठी होती.

आणि एक गोष्ट, जी धोरण आखणाऱ्यांनी अजूनही शिकावी: गरिबांची यादी करावी लागली नाही. काम कष्टाचं आणि मजुरी बेताची, म्हणून ज्याला खरी गरज तोच यायचा. दाखला, उत्पन्नाचा पुरावा, सर्वेक्षण यात ज्या योजना वर्षानुवर्षं अडकतात, त्यांच्यापुढची ही सर्वांत मोठी सोय होती.

मग कायदा असूनही काम का मिळत नसे?

हमी कायद्यात होती, गळती तपशिलात. नवीन काम काढायला किमान ५० मजूर लागत. वाडीवर ३० जणच असले तर वाट पाहायची. मजूर तोंडी काम मागत, तलाठी किंवा ग्रामसेवक तोंडीच ‘बघू’ म्हणत. काम मागण्याचा अर्ज, म्हणजे नमुना ४, भरून तारखेची पोच घेतली नाही, तर १५ दिवस मोजायचे कुठून? पोच नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे भत्त्याचा प्रश्नच नाही. संघटनांनी मजुरांना सगळ्यात आधी काय शिकवलं तर पोच मागायला.

तांत्रिक मंजुरी मिळालेल्या कामांचा साठा तयार नसणं हे दुसरं कारण. मजूर तयार, पैसा तयार, पण अंदाजपत्रकावर अभियंत्याची सही नाही.

१९८८ साली किमान वेतन वाढलं आणि रोजगार हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. मागणी न्याय्यच होती. पण तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही. कामं कमी काढली गेली आणि मजुरांची उपस्थिती घसरली. हमीचा दर वाढवताना निधी वाढवला नाही, की यंत्रणा गुपचूप रेशनिंग सुरू करते. ‘काम नाही’ असं कोणी लिहून देत नाही, नुसतं उशिरा निघतं.

पैशाचा हिशेब कसा मांडायचा?

आधी साधा गुणाकार करा: माणसं गुणिले रक्कम गुणिले महिने. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत (जीआर २८ जून २०२४) दरमहा १,५०० रुपये आहेत. लाभार्थी समजा दोन कोटी धरले, तर महिन्याला ३,००० कोटी आणि वर्षाला ३६,००० कोटी. रक्कम २,१०० करा म्हटलं की त्याच दोन कोटींसाठी वर्षाला आणखी १४,४०० कोटी लागतात. हा गुणाकार जाहीरनामा लिहिण्याआधी करायचा असतो. बहुधा तो नंतर वित्त विभाग करतो.

त्यानंतर विचारा: हा खर्च एकदाच आहे की दरवर्षीचा? पूल एकदा बांधला की झाला. पगार, पेन्शन, अनुदान दरवर्षी लागतं आणि एकदा सुरू केलं की बंद करणं राजकीयदृष्ट्या जवळजवळ अशक्य असतं. म्हणून वित्त विभाग आवर्ती खर्चाच्या फाईलवर जास्त वेळ बसतो. त्यात नेहमीच दुष्टपणा नसतो.

वेळही पाहा. विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज पावसाळ्यानंतर तयार करू लागतात. फेब्रुवारीत मागणी घेऊन गेलात तर ‘पुढच्या वर्षी’ किंवा ‘पुरवणी मागण्यांत बघू’ हे उत्तर मिळणार. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी घोषणा थांबते, हे दर वेळी काही संघटनांना नव्यानं समजतं.

लोकांचं बहुमत आमच्या बाजूनं आहे. तरी हरतो कसे?

बहुमत कशाचं मोजलं जातं, ते बघा. महाराष्ट्रात गावातलं किंवा वॉर्डातलं परवानाधारक दारू दुकान मतदानानं बंद करता येतं. २५ मार्च २००८ च्या आदेशात त्याची पद्धत आहे. किमान २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांनी) सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून जास्त मतं पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या.

गावात १,००० महिला मतदार आहेत असं धरा. २५० वैध सह्या हव्यात; प्रत्यक्षात साडेतीनशे गोळा कराव्यात, कारण यादीत नाव नसणं, नाव माहेरच्या गावात असणं, सही न जुळणं यात बऱ्याच गळतात. मतदानाला ६०० बाया आल्या आणि ४८० जणींनी आडवी बाटली निवडली. ८० टक्के कौल, तरी दुकान चालू! ५०१ हव्या होत्या. घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात मोजली गेली. म्हणून ही मोहीम पटवून देण्याची कमी आणि मतदान केंद्रावर आणण्याची जास्त असते. ऊसतोडीला गेलेल्या बाया, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुना, यादीत राहिलेली मृतांची नावं, मतदानाच्या दिवशी नेमका पडणारा आठवडी बाजार: निकाल इथं ठरतो. मतदानाआधी यादी दुरुस्त करून घेणं हे सभेतल्या दहा भाषणांपेक्षा मोलाचं काम आहे.

आणि जिंकलात तरी बंद होतं ते परवान्याचं दुकान. हातभट्टी वेगळी लढाई.

कायद्यानं सोपं असूनही वेगळा विदर्भ का झाला नाही?

नवीन राज्याला घटनादुरुस्तीचं बहुमत लागत नाही. अनुच्छेद ३ नुसार राष्ट्रपतींची शिफारस आणि संसदेत साधं बहुमत पुरतं. संबंधित विधिमंडळाचं मत मागवलं जातं, पण ते बंधनकारक नसतं. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली होती. म्हणजे कायद्याची वाट मोकळी आणि वजनदार कागद हाताशी.

आता तेलंगणाशी तुलना करा. आंध्र प्रदेश विधानसभेनं जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळलं, तरी संसदेनं ते मंजूर केलं आणि २ जून २०१४ ला राज्य झालं. तेलंगणाकडे विधानसभेच्या २९४ पैकी ११९ आणि लोकसभेच्या ४२ पैकी १७ जागा होत्या. २००१ पासून याच एका मागणीवर उभा असलेला पक्ष होता, आणि त्या मागणीवर मतं फिरत होती. विदर्भाकडे २८८ पैकी ६२ आणि ४८ पैकी १० जागा आहेत. मोठ्या पक्षांना विदर्भात जेवढं कमवायचं, त्याहून जास्त उरलेल्या महाराष्ट्रात गमवायची भीती. भाजपचा १९९७ चा भुवनेश्वर ठराव विदर्भाच्या बाजूनं होता आणि २०१४ साली त्या पक्षाला विदर्भात ६२ पैकी ४४ जागा मिळाल्या, तरी गाडं पुढे सरकलं नाही. विदर्भातला मतदार वेगळं राज्य हवं म्हणतो, पण मत देताना ते पहिल्या क्रमांकावर ठेवत नाही. आणि पक्षांना हे पक्कं ठाऊक आहे.

जीआर निघाला, कायदा झाला. म्हणजे जिंकलो ना?

अर्धं. २०१८ च्या प्लास्टिक बंदीत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड होता, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. दिवसाला पाचशे-सातशे सुटणाऱ्या भाजीवालीला पाच हजारांची पावती फाडायला महापालिकेच्या निरीक्षकाचा हात धजत नाही. मग तो एक तर सोडून देतो किंवा ‘मिटवतो’. जबर दंड कागदावर शोभतो. अंमलबजावणीला वसूल होण्याजोगा दंड लागतो. त्यात पर्याय स्वस्त झाला नव्हता, आणि काही दिवसांतच किराणा दुकानदारांच्या पॅकिंगला सवलत द्यावी लागली.

टिकाव हा तर वेगळाच प्रश्न. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली, आणि अवैध दारू व वाढलेले गुन्हे ही कारणं देत मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिथंही चोरटी दारू आहेच, पण गावोगावच्या बाया आणि मुक्तिपथसारखं अभियान तिच्यामागे सतत उभं आहे. बंदी मिळवणाऱ्यांनी बंदीनंतरच्या पाच वर्षांचं काम आधी वाटून घ्यावं.

कोर्टात टिकणार नाही असं सांगतात. त्याचा विचार किती करायचा?

मसुदा करतानाच, पूर्ण करायचा. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा १६ टक्क्यांचा होता. उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्क्यांवर आणला, आणि ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडायला लागणारी अपवादात्मक परिस्थिती सिद्ध झाली नाही, हे मुख्य कारण. विधिमंडळात विरोध नव्हता, रस्त्यावर लाखोंचे मोर्चे होते. त्यानं न्यायालयातला पुराव्याचा भार हलका होत नाही. मागणीचं काय व्हावं याबद्दल मतं वेगळी असू शकतात. पण आकडेवारी गोळा करणारा आयोग, तिची पद्धत आणि तिला लागणारा काळ हा मागणीचाच भाग समजला पाहिजे.

मागणी छाटणं म्हणजे तडजोड करून पाणी घालणंच नाही का?

काय छाटलं यावर आहे. जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं अडला, कारण ‘हा श्रद्धेवर घाला आहे’ ही भीती वारकऱ्यांपर्यंत पोचवता येत होती. २०१३ साली मंजूर झालेल्या कायद्यात अनुसूची देऊन १२ कृती नेमक्या शब्दांत गुन्हा ठरवल्या. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना कायदा लागू नाही हेही लिहिलं. व्याप्ती अरुंद झाली, हे खरं. पण ‘अंधश्रद्धा’ या शब्दाची व्याख्या पोलीस ठाण्यात करत बसायची वेळ टळली आणि अनुसूचीतल्या कृतीवर गुन्हा नोंदवता येऊ लागला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतरच तो मंजूर व्हावा, याची खंत मात्र कुठल्याही मसुद्यानं भरून येणारी नाही.

छाटताना अंमलाचं कलम, मुदत आणि जबाबदार अधिकारी या तीन गोष्टी सोडू नका. प्रस्तावनेतली सुंदर वाक्यं खुशाल सोडा.

उपोषण, मोर्चा यांनी शक्यता वाढते का?

सही करणाऱ्यावर दबाव पोचत असेल तर वाढते. उपोषण सोडवायला आलेला मंत्री सरबताबरोबर आश्वासन देतो, तेव्हा चार गोष्टी लेखी मागा: कोणता विभाग, कोणत्या तारखेपर्यंत, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून), आणि आधीचा कोणता जीआर बदलणार. ‘सकारात्मक विचार करू’ या वाक्याला लेखाशीर्ष नसतं. समिती नेमली तर तिची मुदत आणि कार्यकक्षा त्याच दिवशी वाचा. मुदत नसलेली समिती हे नाही म्हणण्याचं सभ्य रूप आहे.

‘हे शक्यच नाही’ असं अधिकारी सांगतात. ऐकायचं का?

कारण विचारायचं. ‘घटनेत बसत नाही’, ‘पैसा नाही’, ‘माणसं नाहीत’ आणि ‘साहेबांची इच्छा नाही’ ही चार वेगळी कारणं आहेत आणि चारही ‘शक्य नाही’ या एकाच शब्दात सांगितली जातात. पहिल्यावर वकील गाठा, दुसऱ्यावर वर दिलेला गुणाकार घेऊन बसा, तिसऱ्यावर रिक्त पदांची माहिती माहितीच्या अधिकारात मागा. चौथ्यावर मतदारसंघ मोजा.

आज अशक्य निघालं तर सोडून द्यायचं?

मसुदा, हिशेब आणि माणसं तयार ठेवून वाट पाहायची. पाग्यांचा प्रयोग दुष्काळाआधीच झालेला होता, म्हणून दुष्काळात ती कल्पना हाताशी सापडली. लोकसभा आणि विधानसभांतल्या महिला आरक्षणाचं विधेयक १९९६ साली पहिल्यांदा आलं आणि घटनादुरुस्ती २०२३ साली झाली. तीसुद्धा जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेच्या अटीला बांधून. मधल्या काळात, २०११ साली, महाराष्ट्रानं स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा ठेवल्या. त्याला दिल्लीची सही लागत नव्हती.